तीन मीटरचा डकोटा: पहिलं दोन मोटरचं विमान बांधताना

माझं पहिलं दोन मोटरचं, रिमोटवर उडणारं मॉडेल विमान चौथ्या उड्डाणात ज्वारीत गेलं. कारण किरकोळ होतं. डाव्या मोटरच्या एका वायरचं सोल्डर सुटलं, मोटर थांबली आणि विमान डावीकडे तोंड फिरवून तिरकं झालं. सात-आठ वर्षं एका मोटरची विमानं उडवलेला माझा हात आपोआप उजवीकडे एलेरॉन (विमान कलवणारी, पंखामागची हलती पट्टी) देऊन बसला, वर घाबरून थोडा एलिव्हेटरही (नाक वर-खाली करणारी शेपटीतली पट्टी) ओढला. डावा पंख पडला, दोन गिरक्या, आणि संपलं. शेतमालक भला माणूस. त्याने कणसांचे पैसे घेतले नाहीत. पण "दोन पंखे होते ना, मग एकावर का नाही चाललं?" हा त्याचा प्रश्न मला महिनाभर पुरला.

दोन मोटरचं विमान एका मोटरवर चालतं. पण ते चालावं असं बांधतानाच ठरवावं लागतं. कुठलं विमान निवडलं, पंखाचं टोक कसं घडवलं, वायरी कशा ओढल्या आणि अंगठ्यांना काय शिकवलं, या सगळ्याचा हिशोब त्या एका क्षणी होतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मी त्याच प्रश्नाच्या बाजूने लिहिली आहे.

आधी एक अट. शेपटीखाली चाक असलेलं, दीड-दोन मीटर पंखांचं एका मोटरचं विमान तुम्ही आरामात उडवता आणि वाऱ्यातही उतरवता, असं गृहीत धरलं आहे. तसं नसेल तर आधी एक हंगाम तेच करा. डकोटा कुठे पळून जात नाही.

डकोटाच का

डग्लस डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ला. त्याचा लष्करी अवतार सी-४७, आणि ब्रिटिशांनी ठेवलेलं नाव डकोटा. आपल्याकडे तेच रुळलं. २७ ऑक्टोबर १९४७ला पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरले ते डकोटातून. पुढच्या वर्षी हवाई दलाच्या मेहर सिंग यांनी लेहला विमान उतरवलं, तोही डकोटाच. त्यामुळे भगवा-पांढरा-हिरवा गोल रंगवलेला डकोटा मैदानावर आला की बघायला आलेली आजोबा मंडळी आधी सॅल्यूट ठोकतात, मग प्रश्न विचारतात.

पण निवडीचं खरं कारण वेगळं आहे. डकोटाला मोठा पंख आहे, लांब धड आहे आणि शेपटीचा उभा पंख भरपूर मोठा आहे. एक मोटर गेली की विमानाचं तोंड फिरतं, आणि ते फिरणं रोखणारी एकमेव गोष्ट म्हणजे ही शेपूट. नवख्यांना दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान फार आवडतं. दिसतं देखणं, पण वेगवान आणि चुका माफ न करणारं आहे. ते तिसरं विमान म्हणून ठीक.

डकोटात एक खोड मात्र आहे. मूळ विमानात पंखाचा छेद बुंध्याशी एनएसीए २२१५ या नमुन्याचा, म्हणजे रुंदीच्या १५ टक्के जाड, आणि टोकाशी २२०६, म्हणजे फक्त ६ टक्के. खऱ्या विमानाच्या आकाराला हे चाललं. दहापट छोट्या मॉडेलमध्ये असं पातळ टोक वेग कमी झाला की बुंध्याच्या आधी उचल सोडतं. त्यावरचा उपाय पंखाच्या भागात सांगतो.

आकार: मी १:१० हे प्रमाण सुचवेन. खऱ्याचा पंख सुमारे २९ मीटर, म्हणजे आपला २.९ मीटर. धड दोन मीटरच्या आसपास. पंखाचं क्षेत्रफळ सुमारे ९२ चौरस डेसिमीटर. याहून लहान केलं तर वारा खेळवतो, याहून मोठं केलं तर खर्च आणि गाडी दोन्ही बदलावी लागते. गाडी खरंच मोजा. जिन्याचं वळणही मोजा. तिसऱ्या मजल्यावर बांधलेलं धड वळणावर अडकल्यावर गॅलरीतून दोरीने उतरवणारा एक जण मी पाहिलाय.

नियम, थोडक्यात पण आधी

भारतात हे विमान ड्रोन नियम २०२१ खाली येतं. २ किलोच्या वर आणि २५ किलोपर्यंत म्हणजे 'स्मॉल' वर्ग. छंद म्हणून उडवणाऱ्याला रिमोट पायलट सर्टिफिकेटची सवलत २ किलोलाच संपते, हे अनेकांना माहीत नसतं. नोंदणी, सर्टिफिकेट आणि जागेचा रंग (तिथे उडवायला मुभा आहे की नाही) या तिन्ही गोष्टी सरकारी पोर्टलवर उडवण्याच्या दिवशीच तपासा, कारण नियम बदलत राहतात. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत मुभा आहे, विमानतळाच्या जवळ ती कमी होते. पुण्यातल्यांनी तर लोहगावचा धावपट्टा डोक्यात ठेवूनच मैदान शोधावं. आणि फेब्रुवारी २०२२पासून बाहेरून तयार ड्रोन मागवायला बंदी आहे. सुटे भाग येतात, पण मागवण्याआधी विक्रेत्याला विचारा.

वजनाचा कागद

लाकूड आणायच्या आधी एक कागद भिंतीवर चिकटवा. वरती लिहा: ९ किलो. हे लक्ष्य. ११ किलोच्या वर गेलं तर ते विमान मी उडवणार नाही.

९ किलोला पंखावरचा भार चौरस डेसिमीटरला सुमारे ९८ ग्रॅम येतो आणि विमान ताशी ४३-४४ किलोमीटरच्या आसपास उचल सोडतं. ११ किलोला तोच आकडा ४८च्या घरात जातो. फरक कागदावर छोटा वाटतो. उतरताना धावपट्टी संपत आली की कळतो.

आता खर्च मांडा. दोन बॅटऱ्या १६०० ग्रॅम. दोन मोटर ७००. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), प्रॉप (पुढचा पंखा), माउंट (मोटरची बैठक) मिळून ४००. नऊ-दहा सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) ४५०-५००. चाकं आणि पाय ७००. रिसीव्हर, त्याची बॅटरी आणि वायरी ३००. झाले सव्वाचार किलो. म्हणजे लाकूड, गोंद, काचकापड आणि रंग मिळून तुमच्या हातात पावणेपाच किलो उरले. प्रत्येक भाग तयार झाला की काट्यावर ठेवा आणि कागदावर लिहा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, घरच्यांशी वाद झाला तर स्वतःचा घ्या.

सगळ्यात महाग ग्रॅम शेपटीतला. डकोटाचं नाक आखूड आणि शेपूट लांब असल्याने शेपटीतल्या एका ग्रॅमला तोलायला नाकात साधारण तीन ग्रॅम लागतात. शेपटीसाठी सगळ्यात हलका बाल्सा (मॉडेलचं हलकं लाकूड) वेगळा काढून ठेवा. दुकानात फळी न् फळी तोलून घेतलीत तर दुकानदार नाराज होईल, होऊ दे.

पंख: इथे वेळ घाला

बांधायला सपाट पाट हवा. महागडा टेबल नको. सुताराकडे किंवा जुन्या सामानाच्या दुकानात फ्लश डोअर मिळतो, तो घ्या. त्यावर दोरा ताणून आणि पट्टी उभी धरून सपाटी तपासा. वाकडा दरवाजा म्हणजे वाकडा पंख.

डकोटाचा पंख तीन तुकड्यांत बांधायचा. मधला तुकडा सरळ, त्यावर दोन्ही नॅसेल (मोटरची घरं) आणि चाकांचे पाय. बाहेरचे दोन तुकडे वर चढलेले आणि मागे झुकलेले. खऱ्या विमानातही बाहेरचे पंख नॅसेलच्या बाहेर बोल्टने जोडलेले असतात आणि त्या सांध्यावर पट्टी असते. त्यामुळे आपला सांधा लपवायची गरज नाही. पट्टी लावली की उलट खऱ्यासारखा दिसतो. जोडणीला आत ॲल्युमिनियमची किंवा कार्बनची नळी, ती रिब्जमधल्या (पंखाच्या फासळ्यांमधल्या) नळीत सरकणारी, आणि बाहेर निसटू नये म्हणून एक बोल्ट.

क्रम असा ठेवा. खालचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य पट्टी) पाटावर टाचा, रिब्ज उभ्या करा, वरचा स्पार बसवा. मग दोन्ही स्पारच्या मध्ये बाल्साचे उभ्या रेषांचे तुकडे चिकटवा. वेबिंग म्हणतात ते हेच. कंटाळवाणं काम आहे आणि बरेच जण टोकाकडे जाता जाता ते सोडून देतात. मधल्या तुकड्यात आणि सांध्याजवळ ते बाल्साचं नाही, प्लायचं करा, कारण मोटर आणि चाकं दोन्हींचा मार तिथेच बसतो.

आता ती पातळ टोकाची खोड. दोन गोष्टी करा. एक, टोकाची रिब ६ टक्क्यांऐवजी ११-१२ टक्के जाड कापा आणि मधल्या रिब्ज त्या हिशोबाने नव्याने आखा. मैदानावर हे कुणालाही ओळखू येत नाही. दोन, पंखाच्या मागच्या कडेखाली टोकाशी पाचर ठेवून २ अंश पिळ द्या, मागची कड वर. बांधतानाच द्या, नंतर गरम हवेने पिळलेला पंख उन्हात परत सरळ होतो. दोन्ही बाजूंचा पिळ सारखा आहे का ते मोबाइलमधल्या कोनमापकाने मोजा. अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर वरचं बाल्साचं आवरण चढवण्याआधी सुधारा. एक मोटर बंद पडल्यावर विमान गिरकीत जाईल की नुसतं तोंड फिरवेल, हे बरंचसं इथेच ठरतं.

नॅसेलची मोटर-भिंत ६ मिलिमीटर बर्च प्लायची. ती एपॉक्सीने स्पारशी बांधलेल्या प्लायच्या दोन बाजूंना जोडायची, नुसती बाल्साला चिकटवायची नाही. मोटर बाहेरच्या बाजूला २ अंश तोंड करून बसवा, म्हणजे एक मोटर थांबली की दुसरीचा ओढा विमानाला थोडा कमी फिरवतो. तोंड खालीही २ अंश. बांधणीच्या नकाशात वेगळे आकडे दिले असतील तर नकाशाचं ऐका.

आपल्याकडे बांधकामाचा हंगाम म्हणजे पावसाळा. उडवता येत नाही, मग बांधायचं. पण पावसाळ्यात बाल्सा पाणी ओढतो आणि रात्रीत वळतो. अर्धवट पंख पाटावरून उचलून भिंतीला टेकवू नका, टाचून वजन ठेवून ठेवा. एपॉक्सी दमट हवेत सुकली की वर तेलकट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुऊन मगच पुढचा थर द्या. पांढरा फेविकॉल आतल्या जोडांना उत्तम, सायनो (झटपट धरणारा गोंद) घाईच्या जागी, एपॉक्सी जिथे जीव टांगलेला आहे तिथे.

धड आणि शेपूट

याबद्दल कमी लिहितो, कारण नकाशा नीट वाचला तर यात फसण्यासारखं फारसं नाही. गोल धड दोन अर्ध्या कवचांत बांधा. पाटावर एक बाजू, ती उचलून दुसरी. दोन मिलिमीटर बाल्साच्या पट्ट्या पुरतात. नाकात बॅटरीची ट्रे आणि तिच्यावर चुंबकाने बसणारं मोठं झाकण आधीच आखा, नंतर कापायला जागा राहत नाही. एलिव्हेटरच्या दोन बाजूंना दोन वेगळे सर्व्हो द्या. एक अडकला तरी विमान दुसऱ्यावर घरी येतं. ते शेपटीत न ठेवता शक्य तितके पुढे ठेवून कार्बनच्या नळीने ढकला.

वर काचकापड, चौरस मीटरला २५ ग्रॅमवालं, एपॉक्सीने किंवा पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनने. जुन्या सिमकार्डाने जास्तीची एपॉक्सी खरवडून काढा. कापडाची वीण दिसली पाहिजे, चकाकी दिसली तर वजन वाढलं.

मोटर आणि वायरी

पेट्रोल इंजिनवाले मित्र मला इथे शिव्या देतील, तरी सांगतो: पहिलं दोन मोटरचं विमान विजेवरचं करा. दोन पेट्रोल इंजिनं एकाच दिवशी एकाच मूडमध्ये असणं हा योग आहे. हट्टच असेल तर २० सीसीची दोन घ्या, प्रत्येकाला वेगळी टाकी, प्रत्येक इंजिन आधी जमिनीवर चार-पाच टाक्या चालवून घ्या. दोन्ही इंजिनं त्यांच्या सगळ्यात जास्त वेगापेक्षा मिनिटाला दोन-तीनशे फेऱ्या खाली, थोडी जास्त इंधन पिणारी अशी लावा. कोरडं, म्हणजे कमी इंधनावर लावलेलं इंजिन नाक वर गेलं की थांबतं.

विजेचा हिशोब सोपा आहे. डकोटाला किलोला २०० वॉट पुरेसे. ९ किलोला १८००, म्हणजे मोटरला ९०० ते ९५०. खऱ्या विमानाचा प्रॉप साडेतीन मीटर, आपला १४ इंच, तीन पात्यांचा, पिच (एका फेरीत पुढे सरकायचं अंतर) ७ इंच. सहा सेलच्या लायपो बॅटरीवर साधारण ४५० ते ५०० केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला तितक्या फेऱ्या घेणारी) मोटर हा प्रॉप मिनिटाला ८००० फेऱ्यांच्या आसपास फिरवते आणि ४५ अँपिअरच्या जवळपास ओढते. ईएससी ८० अँपिअरचे घ्या. दिखाव्याच्या डमी इंजिनाच्या मागे हवा कोंडते, त्यामुळे मार्जिन हवं. काउलमध्ये (मोटरवरच्या गोल झाकणात) हवा शिरते त्याहून मोठी वाट तिला बाहेर पडायला ठेवा, निम्मी मॉडेलं इथेच तापतात.

मोटर, ईएससी, प्रॉप ही जोडी एकाच वेळी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीची घ्या. आधीची एक पडलीय म्हणून दुसरी आणली, असं नको. फिरण्याची दिशा एकमेकींच्या उलट ठेवता आली तर टेकऑफला विमान सरळ धावतं. खऱ्या डकोटात दोन्ही प्रॉप एकाच दिशेने फिरतात, पण इथे मी खऱ्याशी प्रामाणिक राहत नाही. दिशा बदलायला मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. प्रॉप मात्र उलट्या हाताचाच लागतो, तो आहे का ते आधी पाहा.

आता बॅटरी. बहुतेक नवखे डाव्या मोटरला एक बॅटरी, उजव्या मोटरला दुसरी असं करतात. दिसायला नीटनेटकं आहे, पण एक बॅटरी जरा आधी थकली की ईएससी ती मोटर तोडतो, आणि तुम्ही माझ्या ज्वारीच्या शेतात. त्यापेक्षा ५००० एमएएचच्या दोन सारख्या बॅटऱ्या समांतर जोडा आणि त्या एका सामायिक जोडणीवरून दोन्ही ईएससींना वीज द्या. दोन्ही मोटरना कायम सारखा व्होल्टेज मिळतो. जोडण्याआधी दोन्हींचा व्होल्टेज मोजा. एक भरलेली आणि एक अर्धी जोडली तर ठिणगी पडते आणि वायर तापते. ईएससीचा लो-व्होल्टेज कट 'हळूहळू कमी'वर ठेवा आणि भरवसा त्याच्यावर नाही, टायमरवर ठेवा. आठ मिनिटं. बॅटरीत तेव्हाही थोडी शिल्लक राहते, ती चुकलेल्या उतरण्यासाठी.

बॅटरी नाकात आणि ईएससी नॅसेलमध्ये असेल तर मधली वायर लांब होते. लांब वायर ईएससीचे कपॅसिटर मारते. ईएससीजवळ जादा कपॅसिटर सोल्डर करा, किंवा ईएससी धडाजवळ ठेवून मोटरच्या तीन वायरी लांबवा. सोल्डर करताना छोटं, कमी ताकदीचं सोल्डरिंग आयर्न वापरू नका. सोल्डर नीट वितळलं नाही तर वरून चकचकीत आणि आतून कोरडं राहतं. प्रत्येक जोड हाताने ताकदीने ओढून पाहा. हे वाक्य मी दोनदा वाचायला सांगेन.

रिसीव्हरला स्वतःची बॅटरी द्या, दोन सेलची लायफे चालते. मग दोन्ही ईएससीच्या सिग्नल वायरमधली लाल तार काढून टेपने गुंडाळा. रिसीव्हर दहा चॅनेलचा लागेल: एलेरॉन दोन, एलिव्हेटर दोन, रडर (तोंड डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीतली उभी पट्टी) एक, थ्रॉटल दोन, फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली येणाऱ्या पट्ट्या) दोन, चाकं एक. थ्रॉटल दोन वेगळ्या चॅनेलवर घ्या, वाय आकाराच्या वायरने एकत्र करू नका. हातातल्या ट्रान्समीटरमध्ये दोन्ही एकाच काठीवर आणा. म्हणजे जमिनीवर एकेक मोटर वेगळी तपासता येते आणि वर सरावासाठी एक बंदही करता येते. फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावरच्या सेटिंगमध्ये) दोन्ही थ्रॉटल शून्यावर लावा आणि ट्रान्समीटर बंद करून खरंच थांबतात का ते पाहा. प्रॉप काढून.

दोन्ही ईएससी एकेक करून थ्रॉटलला शिकवा: काठी वर, बॅटरी, बीप, काठी खाली. मग प्रॉप लावा, विमान पक्कं बांधा, आणि फेऱ्या मोजायच्या यंत्राने पाव, अर्धा आणि पूर्ण थ्रॉटलला आकडे घ्या. शंभर फेऱ्यांच्या आत जुळले की झालं. कानही लावा. तंबोऱ्याची जोडीची तार जवळ आली की कशी लाट येते आणि जुळली की लाट विरते, अगदी तसंच. फरक असेल तर 'वाँव-वाँव' ऐकू येतं, जुळलं की आवाज एक होतो.

तोल आणि हालचाली

मागे झुकलेल्या पंखावर सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, नुसता बुंध्याशी मोजता येत नाही. सरासरी जीवा, म्हणजे पंखाची पुढून मागे रुंदी, काढावी लागते. १:१०ला ती सुमारे ३५ सेंटिमीटर येते. तिच्या पुढच्या कडेपासून २६ टक्के, म्हणजे ९ सेंटिमीटर मागे, हा पहिला तोल. चाकं खाली, बॅटरी जागेवर. मागे गेलेला सीजी एका मोटरवर विमानाला सगळ्यात आधी मारतो, म्हणून शंका असेल तर पुढे ठेवा. डावा-उजवा तोलही पाहा.

एलेरॉन वर जास्त, खाली कमी, साधारण दोनास एक. रडर मात्र सढळ, दोन्ही बाजूंना ३० अंश. एक्स्पो (काठीच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारं सेटिंग) २५-३० टक्के.

एक मोटर बंद पडली तर

डावी मोटर गेली. उजवी जोरात ओढते आहे. तोंड डावीकडे फिरतं, डावा पंख मागे पडतो आणि खाली जातो. तुम्ही उजवा एलेरॉन दिला की डावा एलेरॉन खाली येतो. त्यामुळे डाव्या पंखाचा वाऱ्याशी कोन वाढतो, ओढ वाढते, तोंड आणखी डावीकडे. वेग कमी असेल तर तोच पंख उचल सोडतो. पंख सावरायला दिलेली काठीच पंख पाडते.

हे करा, याच क्रमाने. थ्रॉटल पूर्ण खाली. नाक थोडं खाली. आता ते एका मोटरचं नाही, शून्य मोटरचं ग्लायडर आहे आणि ग्लायडर तुम्हाला उतरवता येतं. वेग आला की रडरने तोंड सरळ करा, आणि गरज असेल तरच चालू मोटर पाव ते अर्ध्यापर्यंत हळू वाढवा, जितका रडर पेलेल तितकीच. वळायचं असेल तर शक्यतो चालू मोटरच्या बाजूला वळा. मैदान गाठता येत नसेल तर समोरच्या शेतात उतरवा. समोरच्या शेतातून विमान दुरुस्त होऊन परत येतं.

कोणती मोटर गेली हे जमिनीवरून ओळखायला वेळ लागतो. म्हणूनच पहिली कृती 'थ्रॉटल खाली' ही आहे, तिला ओळखीची गरज नाही. सिम्युलेटरवर हे पन्नास वेळा करा. मग खऱ्या विमानाच्या दहाव्या-बाराव्या उड्डाणात ऐंशी मीटर उंचीवर स्विचने एक मोटर बंद करून पाहा. शेजारी कुणीतरी मोठ्याने "खाली!" ओरडणारा उभा करा.

पहिलं उड्डाण

ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी आठच्या आत. दीडशे मीटर कापलेलं गवत किंवा डांबर. कोकणातल्या सड्यावर जागा भरपूर आणि आभाळ मोकळं, पण जांभा दगड चाकांचे पाय सोलून काढतो.

रिमोटची रेंज तपासा. दोन्ही मोटर अर्धा मिनिट पूर्ण चालवा, विमान धरून, आणि नाक वर उचलूनही. थ्रॉटल तीन-चार सेकंदांत हळू वाढवा, सुरुवातीला थोडा एलिव्हेटर ओढून शेपटीचं चाक दाबून ठेवा. शेपूट उचलली की काठी सोडा आणि पुढच्या दोन चाकांवर पळू द्या. उठेल तेव्हा उठू द्या. उठल्या उठल्या नाक ओढू नका. वेग आणि उंची यांत पहिली वीस सेकंद फक्त वेग. पहिल्या दिवशी फ्लॅप नको, चाकंही खालीच.

उतरताना थोडी मोटर चालू ठेवून, सपाट, पुढच्या चाकांवर टेकवा. तिन्ही चाकांवर एकदम बसवायला गेलात तर डकोटा उडी मारतो. प्रत्येक उड्डाणानंतर काउल हाताने चाचपा, एक गरम आणि एक थंड असेल तर घरी जा. घरी मोटरचे स्क्रू आणि बॅटरीचे सेल तपासा. लायपो सेलला ३.८ व्होल्टवर ठेवून फरशीवर, लाकडापासून लांब.

सुधारणा: कशानंतर काय

नवखा पहिली सुधारणा करतो ती दिव्यांची. दिवे शेवटी. मी आधी जुन्या वायरी, कनेक्टर आणि सर्व्होचे जोड बदलीन, विशेषतः विमान दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर. जुन्या ग्लो इंजिनाचं विमान विजेवर आणताना मोटर-भिंतीत मुरलेलं तेल धुऊन काढा, नाहीतर एपॉक्सी धरत नाही. मग चाकं: स्प्रिंगचे पाय आणि मऊ टायर. मग रडरवर एक गायरो (विमान फिरलं की आपणहून रडर देणारा सेन्सर), कमी जोरावर. तो टेकऑफला सरळ ठेवतो आणि मोटर गेल्यावर अर्धा सेकंद मिळवून देतो. एलेरॉनवर लावू नका, तो तुमच्याच चुकीच्या हातासारखं वागतो. मग फ्लॅप, आधी उंचावर उघडून नाक किती वर-खाली होतं ते पाहून.

रंग यानंतर. ॲल्युमिनियमचा रंग पातळ फवारा, रिव्हेट फार मोजू नका. क्रमांक व्हीपी ९०५ आणि नाव 'परशुराम' लिहिणारे बरेच आहेत. २०१८मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन भारतीय हवाई दलात दाखल झालेल्या डकोटाला तोच क्रमांक दिला. लिहिलंत तर अक्षरांचा आकार फोटोवरून मोजून घ्या, अंदाजे लिहू नका.

सगळ्यात शेवटी आत जाणारी चाकं. डकोटाची चाकं नॅसेलमध्ये पूर्ण जात नाहीत, अर्धी बाहेर राहतात. मॉडेलमध्ये याचा फायदा घ्या: वर गेल्यावरही चाक मोकळं फिरेल अशी जागा ठेवा. कधीतरी एक पाय खाली येईल, दुसरा येणार नाही. तेव्हा आलेलाही वर घ्या, मोटर बंद करा आणि गवतावर त्या अर्ध्या चाकांवर उतरवा. धड वाचतं. तीन पात्यांपैकी एक मात्र जमिनीला लागतंच, त्यामुळे डब्यात सुटे प्रॉप ठेवा, डाव्या हाताचे आणि उजव्या हाताचे वेगवेगळे.